समोरच्याला बोलू द्या

—नाही नाही, पाणी नको मावशी, उठू नका तुम्ही, मी बसतो की इथंच पायरीवर, हे पोतं जरा सरकवू का? — हां, झालं. ओळखलंत ना? धवल. बेदाण्याच्या शेडवरचा नवा साहेब — साहेब कसला हो, तुम्हा बावीस जणींची हजेरी मांडणारा. आणि ती तरी कुठं मांडतोय? सोमवारी एकपण बाई नाही, मंगळवारी एकपण नाही, आज बुधवार, आजपण निवडायचा पट्टा बंद, बेदाण्याचे क्रेट भिंतीला लावून तसेच, आणि मी एकटा त्या एवढ्या मोठ्या शेडमधी पंखा लावून बसलोय. आता मी चिडून आलोय असं मनात आणू नका हं. चिडायचं असतं तर विश्वजीत सर स्वतः आले असते, मॅनेजर आहेत, त्यांना चिडायचा पगार मिळतो. मी समजून घ्यायला आलोय. तुमच्या मनात काय आहे ते. शेडमधल्या बायका मनुबाईंच्या शब्दाबाहेर नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी वॉचमननं सांगितलंय, म्हणून थेट तुमच्या दारात आलो. बोला. मोकळं बोला.

नाही बोलायचं? चालेल की. मला कळतंय ते. मी काय तयारीशिवाय आलेलो नाही — मागच्याच आठवड्यात साताऱ्याला जाऊन आलोय, दोन दिवसांचं ट्रेनिंग, हायवेला लागून हॉटेल, एसी हॉल, जेवणात दोन गोड, शेवटी सर्टिफिकेट — विषय काय, तर कामाच्या ठिकाणी संवाद आणि वाटाघाटी. पुण्याच्या चारुशीला मॅडम होत्या शिकवायला. लय भारी बाई! एकदा बघितलं की समोरचा आपोआप सरळ बसतो. त्यांचं पहिलंच वाक्य काय माहितीये? समोरच्याला बोलू द्या. जो जास्त बोलतो तो जास्त देऊन बसतो. वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय मी, दोनदा अधोरेखित केलंय. आणि दुसरं — सात सेकंद. आपण सात सेकंद नुसतं गप्प बसायचं, समोरच्याला राहवत नाही, तो आपणहून सुरू होतो. त्यामुळं आता मी गप्प. तुम्ही बोला.

तो कोंबडा सगळ्यांकडं असाच बघतो का हो?

नाही, म्हणजे झालीच असतील की सहा-सात सेकंदं. हॉलमधी जमत होतं मला, खरं सांगतो, तिथं माझ्यासमोर कोरेगावचा एक बँकवाला होता, तो दुसऱ्याच सेकंदाला बोलायला लागला. तुमच्याकडं बघून वाटतंय तुम्हीपण कुठंतरी शिकलाय. तोंडाला पदर बांधलेला, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही — मॅडमनी याच्यावर एक अख्खी स्लाइड दाखवली होती. पण हाताची घडी नाही घातलेली, हे चांगलं लक्षण आहे. हातांना काय झालंय, खरचटलंय? बोरी-बाभळीत शिरला होता काय? — बरं, असू दे, विषय बदलायचा नाही, हेपण शिकवलंय.

विषय काय आहे? विषय आहे आठ वाजता. मला काय कळत नाही होय मावशी? शनिवारी संध्याकाळी मी नोटीस लावली, सोमवारपासून शेडची वेळ नऊच्या ऐवजी आठ — आणि सोमवारी अख्खी शेड रिकामी. ना तक्रार, ना अर्ज, ना कुणी भांडायला आलं. एका आवाजात बावीस जणी गायब! सर म्हणाले, हा संप आहे. मी म्हटलं, सर, हा नुसता संप नाही, हे लय वरच्या लेव्हलचं आहे, यांनी आपल्याला शब्दच दिला नाही धरायला — काय? गळ्याला हात लावताय? म्हणजे काय, गळा कापला आम्ही तुमचा? असं नका हो म्हणू. एका तासानं कुणाचा गळा कापतोय का? — परत तेच. बरं, बरं, पोचलं. तुमच्या जागेवरून तसं वाटत असणार. सकाळचं पाणी, भाकरी, पोरांचे डबे, जनावरं, आणि आठला शेडवर म्हणजे घरातनं सातला निघायचं. हे मी नोटीस लावताना धरायला पाहिजे होतं, मान्य. बघा, मी मान्य केलं. आता तुम्ही एक मान्य करा.

नाही? काहीच नाही?

हे बघा, माझी काही घाई नाहीये. घाई दाखवायची नसते समोरच्याला. मी आपला सहज आलोय, विश्रामबागेतनं तासगाव आणि तासगावातनं इकडं, गाडीवर, दुपारी एकच्या उन्हात, सहज. कंटेनर शनिवारी भरायचा आहे, तोपण काय — हे मी सांगायला नको होतं. असू दे, आता सांगितलंच आहे तर सांगतो, शनिवारी कंटेनर भरायचा आहे, आठ टन बेदाणा निवडायचा राहिलाय, आणि सरांनी मला सकाळी केबिनमधी बोलावून काय म्हटलं माहितीये? "धवल, उद्या गुरुवारी आठला बायका पट्ट्यावर दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर एकतीस मार्चला तुझं कायम व्हायचं पत्र निघणार नाही." एवढंच बोलले आणि फोन उचलला. त्यांनी कुठलं ट्रेनिंग केलंय देव जाणे, दोन वाक्यांत माणूस घाम पुसतो.

आणि घरी काय झालंय सांगू? नको. — सांगतो. घरी मी आईला सांगून टाकलंय की झालो कायम. म्हणजे होणारच होतो हो, तीनच आठवडे राहिले होते, तिची तब्येत जरा नरम होती, तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं झालो. तिनं अख्ख्या अपार्टमेंटमधी पेढे वाटले! वरच्या मजल्यावरच्या सईच्या घरीपण. सई म्हणजे — ते असू दे. आता एकतीसला पत्र नाही निघालं तर मी काय सगळ्यांच्या घरी जाऊन पेढे परत मागू?

हसलात? नाही, खोकलात. पाणी प्या तुम्ही. प्या, प्या. मी थांबतो.

खरं सांगू का मावशी, आठची कल्पना सरांचीपण नाही. माझी आहे. ट्रेनिंगमधी शेवटच्या दिवशी सांगितलं होतं, परत गेल्यावर कामाच्या जागी एक बदल करून दाखवा. मला दुसरं काही सुचलंच नाही. मशीन मला कळत नाही, बेदाण्यातला हिरवा कुठला आणि पिवळा कुठला याच्यावरनं तुम्हीच मला दोनदा हसलाय, मग माझ्या हातात राहिलं काय? घड्याळ. फिरवलं. आणि बदल करताना तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, तर ते — विचारलं की नाही म्हणतात, असं मला आपलं वाटतं. मला मागायलाच जमत नाही, खरी गंमत ती आहे. इंटरव्ह्यूला सरांनी विचारलं, पगाराची अपेक्षा काय, तर मी काय म्हटलं? "तुम्ही द्याल ते." ते लगेच हो म्हणाले. असा माणूस कंपनीनं वाटाघाटी शिकायला पाठवला, कारण ज्याला जायचं होतं त्याच्या घरी बारसं निघालं.

तर मुद्द्यावर येऊ. साडेआठ. साडेआठ करू. मधला मार्ग. — डोळे मिटलेत. म्हणजे ऐकायचंच नाही. बरं, पावणेनऊ, याच्या पलीकडं मला अधिकार नाही, सर मला उभा — मान खाली घातलीत. नाराज झालात. नका हो अशा नाराज होऊ, माझी मावशी हरिपूरला असते, ती रुसली की अशीच मान खाली घालते आणि मग दिवाळीपर्यंत बोलत नाही. नऊ! जा, नऊच. होती तीच वेळ. आठचं मी विसरलो, तुम्ही विसरा, नोटीस मी उद्या स्वतः फाडतो.

तरी नाही? अजून काय आहे मनात? बाथरूमच्या दाराला कडी नाही, तेच ना? तीन महिने ऐकतोय मी ते, एक जण आत आणि एक जण बाहेर राखण, हे काय बरं आहे का? बसवतो कडी. याच आठवड्यात. फाट्यापासून शेडपर्यंत चालत यावं लागतं — टेंपो तसाही रिकामाच येतो सकाळी, थांबवतो फाट्यावर. पट्ट्यावर बोलायचं नाही म्हणून मी जे सारखं श्श-श्श करतो, ते बंद. बोला तुम्ही, गाणी म्हणा, मला काय. दुपारचा चहा — दुपारचा चहा पण. थांबा, तोंडी नको. मॅडम म्हणतात, ठरलं की लगेच कागदावर, नाहीतर समोरचा फिरतो. तुम्ही फिरू नये म्हणून लिहितो. लेटरहेड आहे बॅगेत... एक, वेळ नऊ. दोन, कडी. तीन, टेंपो. चार, कामात बोलायला मुभा. पाच, चहा. ही माझी सही. आणि शिक्का — शिक्कापण आणलाय मी. घ्या. वाचून बघा. नाही वाचत? नुसती घडी करून कमरेला? बरं, विश्वास टाकलात, आनंद वाटला.

मग उद्या येणार ना सगळ्या?

मान हलवली! हो म्हणालात ना? परत हलवा — हो! झालं! बघा मावशी, याला म्हणतात वाटाघाट, तुम्हीपण खूश, आम्हीपण खूश. मॅडमना मेसेज टाकतो आज. तुम्ही लय कडक निघालात, खरं सांगतो, तो बँकवाला तुमच्यासमोर एक मिनिट टिकला नसता — काय? फोन? माझा फोन? फोटो काढायचाय कागदाचा? नाही? मेसेज? कुठला, आपल्या शेडच्या ग्रुपवर? अहो तो ग्रुप मी बंद करून ठेवलाय — म्हणजे आवाज बंद. रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ, बावीस जणींची बावीस, माणसानं काम कधी करायचं? बघतो, बघतो. फुलं... फुलं... गणपती... फुलं... हे काय आहे? रविवारचं, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. तुमचा आवाज आहे? दीड मिनिटाचा? थांबा, लावतो.

"सायेब, मनुबाई बोलतीया. आवं, आमचा शाळू काढायला आलाय. दर साली आमी बायका पैऱ्यानं काढतो, आज हिच्या रानात समद्या, उद्या तिच्या रानात समद्या. तवा सोम, मंगळ, बुध कुनी येनार न्हाई. बेस्तरवारी येतो बगा समद्या. ज्वारी काय थांबत न्हाई आनि पाखरं तर त्येच्याहून न्हाईत. आनि त्ये आठाचं कागदावर लावलंय तुमी, त्ये बी बोललो आमी. जमतंय. उनाच्या आदी काम उरकल्यालं बरंच की. काळजी करू नगा. — आगं बने, ह्ये बंद कुठनं करायचं?"

म्हणजे तुम्ही — शाळू उपटत होता. तीन दिवस. आज दुपारपर्यंत. त्याचं खरचटलंय हे हातांना. आणि गळ्याला हात लावत होता ते — घसा बसलाय? धुरळ्यानं? आवाजच येत नाहीये तुमचा? आणि डोळे मिटत होता ते मी इतका वेळ... झोप आली होती. अहो मग हातानं तरी खुणावायचं. खुणावत होता. हो. बरोबर. खुणावतच होता.

आणि उद्या येणारच होता. आठला.

मावशी, तो कागद — नाही, मी शब्द फिरवत नाहीये हं, कडी बसवतो, टेंपो थांबवतो, चहापण, बोला कामात पाहिजे तेवढं — फक्त पहिला मुद्दा तेवढा... तो कागद कच्चाच होता तसा. सरांना मी काय सांगू? बायका आठला यायला तयार होत्या आणि मी उन्हातनं जाऊन त्यांना नऊला राजी केलं? एकदा द्या बघू इकडं, एकच आकडा आहे, पेनानं गोल फिरवला की — नाही? कमरेवरचा हात काढा की. मावशी. अहो माझं पत्र अडकेल, पेढे...

आता तुम्ही हसताय. हा खोकला नाही.

बरं, तुम्हीच सांगा. किती वाजता? बोटांनी सांगा, घशाला त्रास नको. या हाताची पाच... आणि त्या हाताची — तीनच ना ती? अंगठा दुमडलाय ना? नाही दुमडलेला. करंगळी दुमडलीये फक्त. चार.

बरं.

बरं, टेका तुम्ही, पोत्यावर डोकं ठेवा, मी उशाला सरकवतो. जातो मी. काही नाही बोलत आता.