दत्तूच्या गरम मुठी

थंडीचं कौतुक मला सांगू नका. पहाटे तासगावहून कुपवाडच्या कारखान्यात मोटारसायकलने जाताना बोटं इतकी बधिर व्हायची की क्लच दाबता यायचा नाही. एकदा वळणावर पडलोसुद्धा. शेवटी फौजेतून परतलेल्या दत्तू मेकॅनिकने हँडलच्या मुठींच्या रबराखाली विजेच्या शेगडीची तार गुंडाळून बॅटरीला जोडली.

रस्त्यावर मुठी बर्फासारख्याच राहिल्या. दर रविवारी दुपारी तक्रार घेऊन गेलो, की दत्तू अंगणात बटण दाबून म्हणायचा, "हात लावा. गरम हाय का न्हाई? तुमचं रगतच थंड पडलंय."

मुठी खरंच गरम लागायच्या.

शेवटच्या खेपेला मी गाडी लिंबाच्या सावलीत लावली. बटण चालू होतं, तरी चहा होईपर्यंत मुठी गार. इतके दिवस त्या उन्हानेच तापत होत्या.

दत्तूने बटण दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाला, "आवं, तुमी दुपारची पाळी मागून घ्या की."