चारच्या जागी सहा

नाही, नाही, तिकडे हात लावू नकोस — ते लाइव्ह आहे. लाइव्ह म्हणजे आत्ता या क्षणी आया घरी बसून सालमियातल्या क्लिनिकच्या या साइटवर पोरांच्या लसीची वेळ घेतायत. तू एक स्वल्पविराम खाल्लास की त्यांना पांढरं पान दिसणार. बंद कर ती खिडकी. बंद केलीस? हां. तुझ्यावर नाही ओरडत रे, ओवैस. तू काल विमानातून उतरलायस, तुझा काय दोष? सर्व्हरवरची फाइल थेट उघडायची, थेट बदलायची, सेव्ह मारायचं आणि देवाचं नाव घ्यायचं — हे तुला कुणी दाखवलं? चंद्रहासने ना? वाटलंच. त्या काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन सकाळी सकाळी तुला पहिला धडा देऊन गेला. शिसारी येते मला, खरं सांगतो. माणूस हात न धुता स्वयंपाक करतो तेव्हा येते ना, तशी.

सर नको म्हणूस. नचिकेत म्हण. फार तर नचिकेतदादा, पण दादा म्हणवून घ्यायला मी तुझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेन. तू श्रीवर्धनचा ना? आणि इंजिनिअरिंग पुण्याला? मग झालं तर, आपण एकाच वाटेने आलोय. बस. खुर्ची ओढ जवळ. तुला वेगळं टेबल नाही दिलं? सर म्हणाले सध्या नचिकेतच्या टेबलावर बस? सध्या. बरं, बस. एसीचा आवाज फार आहे, पण बंद केला तर भाजून निघू, तेव्हा जरा पुढे सरकून ऐक.

आज गुरुवार. सुट्टीचा वार. तरी आपण दोघं इथे का? कारण हा शेवटचा सुट्टीचा गुरुवार आहे. परवापासून या देशात सुट्टी शुक्रवार-शनिवार. महिन्यांपासून पेपरात येतंय, रस्त्यावरचा टॅक्सीवाला सांगेल, बकाल्यात दूध आणायला गेलास तर तो दुकानदार सांगेल. आणि आपले विजयकुमार सर मला कधी सांगतात? या सोमवारी. ‘नचि, सिंपल चेंज है यार, लाइव्ह में कर दो ना.’ सिंपल! आता हे बघ — हा चंद्रहासचा जुना कोड. रविवार शून्य धरून गुरुवारचा नंबर चार, शुक्रवारचा पाच, शनिवारचा सहा. आता सुट्टीचे वार एका जागी लिहून ठेवायचे आणि बाकी सगळ्यांनी तिथे विचारायला जायचं, एवढी साधी अक्कल. पण नाही. जिथे तिथे चार आणि पाच. कॅलेंडरमध्ये चार-पाच, बुकिंगमध्ये चार-पाच, आयांना आठवणीचा मेसेज जातो त्यात चार-पाच. आणि फाइलींची नावं वाच. वाच मोठ्याने. अपॉइंटमेंट न्यू. अपॉइंटमेंट न्यू टू. अपॉइंटमेंट फायनल. अपॉइंटमेंट फायनल चंद्रहास डोन्ट टच. हसू नकोस. मी आलो तेव्हा मीही हसलो होतो, मग मला त्यात काम करावं लागलं. सोमवारपासून बसून ते वार मी एका जागी आणलेत.

चंद्रहासचा उपाय ऐक. ‘फाइंड-रिप्लेस मार, चारच्या जागी सहा.’ झालं! म्हणजे चार नंबरची खोली सहा नंबरची होणार, चौथ्या महिन्याचा डोस सहाव्या महिन्यात जाणार, आणि क्लिनिकच्या काउंटरवर शिव्या कोण खाणार? रबिया. ती रायगडकडचीच आहे, तुला फोनवर भेटेल, तिच्याशी नीट वाग. तिला मी अजून एकदाही प्रत्यक्ष बघितलेलं नाही, पण तिच्या आवाजावरून मला कळतं की समोर किती बायका उभ्या आहेत. गेल्या रमजानात फोन केला तिने, बोलताच येईना, नुसती हुंदके देत होती. दहा मिनिटांनी म्हणाली, ‘भाऊ, मशीन चुकतं आणि बायका मला खोटारडी म्हणतात.’ ते मी नाही विसरत. लोकांना वाटतं आपण स्क्रीनवर डबे काढतो. डबे नाहीत रे ते. त्या डब्याच्या पलीकडे कुणीतरी पोर काखेत घेऊन उभं असतं.

म्हणून नीट शीक. हे सबव्हर्जन. कॉलेजात शिकवलं? नाही ना, शिकवणारच नाहीत. साधं आहे — कोडची प्रत आधी आपल्या मशीनवर घ्यायची, इथे बदलायची, इथे चालवून बघायची आणि मग आत टाकायची. कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं राहतं. चुकलं तर मागे जाता येतं. डोन्ट टच लिहायची गरजच नाही, खुशाल टच करा. आणि आत टाकताना ही रिकामी चौकट येते ना, इथे कारण लिहायचं. काय बदललं ते नाही, ते कोड बघून कळतंच — का बदललं ते. चंद्रहास तिथे टिंब टाकतो. एक टिंब. मी त्याला विचारलं, तर म्हणतो, ‘मला माहितीये की मी का बदललं.’ अरे, तुला माहितीये! जग तुझ्या डोक्यात भाड्याने राहतं का?

ही दुसरी गोष्ट, चाचणीची जागा. हुबेहूब क्लिनिकची साइट, पण खोटी. नावंसुद्धा खोटी, खऱ्या पोरांची नावं इथे आणायची नाहीत, त्यांच्या आजारांशी आपला काय संबंध? इथे सगळं मोडून बघ. आपल्या नव्या ब्राउझरमध्ये छान दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही, रबियाच्या मशीनवर जुना एक्सप्लोररच आहे, त्यात उघडून बघायचं. मग लाइव्ह. तेही गुरुवारी संध्याकाळी कधीच नाही — म्हणजे आतापर्यंत बुधवारी संध्याकाळी कधीच नाही — सुट्टीच्या तोंडावर काही टाकायचं नाही, दुसऱ्या दिवशी मोडलं तर उचलायला कुणी नसतं. आणि पासवर्ड. तिथे फळ्यावर जुना लिहिलाय तो बघितलास? फळ्यावर! सगळ्यांचा मिळून एक होता. माझ्या आधीचा माणूस सोडून दुबईला गेला, त्यालाही तिकडून आत येता यायचं, इच्छा झाली तर. किळस वाटते. मी भांडून भांडून प्रत्येकाला वेगळा करून घेतला आणि नियम लिहिला — माणूस गेला, त्याच दिवशी त्याचा पासवर्ड बंद. पहिल्याच पानावर आहे. हे बघ, ही पानं मी लिहिलीत. काय कुठे आहे, कसं चालतं, बिघडलं तर आधी कुठे बघायचं. घरी महबूल्याला परत गेलो की रूमवरचे सगळे क्रिकेट लावून बसायचे आणि मी ही पानं लिहायचो. वेडा म्हणायचे मला. म्हणोत. मला हेच करायचंय रे, कोड असा हवा की उद्या कुणीही येऊन, वाचून, कामाला लागेल. कुणाच्या मेहेरबानीवर नको.

सरांना माझं एवढंच एक आवडलं. मी ही पानं दाखवली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाले, ‘मतलब ये पढ़ के कोई भी कर सकता है?’ मी छाती फुगवून म्हणालो, कोई भी, सर. तर दोनदा विचारलं. ‘कोई भी? फ्रेशर भी?’ म्हटलं, फ्रेशर भी! मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं. त्यानंतरच त्यांनी माणूस घ्यायचं ठरवलं, माझ्या हाताखाली. तू आलास तो त्यामुळेच. मला किती बरं वाटलं सांगू तुला? दोन वर्षांत या ऑफिसात मी कुणाशी कामाबद्दल मराठीत बोललेलो नाही. चंद्रहासशी बोलतो, पण ते बोलणं नाही, ते दात खाणं आहे. त्याला बघ, त्याचा कोड त्याच्याशिवाय देवालाही कळत नाही, म्हणून त्याला केबिन, म्हणून त्याच्या बायको-पोरांना व्हिसा, म्हणून तो आज सुट्टीच्या दिवशी धडा देऊन घरी गेला आणि आपण इथे. तरी मी म्हणतो, तसं जगायचं नाही. घाण करून ठेवायची आणि मग ती घाण फक्त मलाच साफ करता येते म्हणून मिरवायचं — थू.

हां, तुझे कागद झाले का? इकाम्याचे, इथे राहायच्या परवान्याचे. मुस्तफा भेटला? आपला मंदूब, सरकारी कचेऱ्यांच्या चकरा मारतो तो. पासपोर्ट घेऊन गेला तुझा? कालच, विमानतळावरून आल्या आल्या? वा, फारच जोरात आहे. माझा इकामा पुढच्या महिन्यात संपतोय, दरवेळी महिनाभर आधीच मागे लागतो पासपोर्ट दे, पासपोर्ट दे म्हणून. यंदा आलाच नाही. परवा जिन्यात गाठला तर नुसतं ‘इंशाल्ला, इंशाल्ला’ म्हणत सटकला. कामात असेल. तुझेच कागद करत असेल.

फोन वाजतोय तुझा. घे ना. कुणाचा? सरांचा? तुला? — माझा फोन बंद आहे का? नाही, चालू आहे. घे, घे.

काय म्हणाले? अरे, सांग ना, लाजतोस काय. ‘सब समझ लिया?’ बरं. आणि? मान काय हलवतोस, आणि काय? मी ऐकलं, ओवैस, एसीचा आवाज मोठा आहे पण सरांचा त्याहून मोठा आहे. ‘संडे से तुम अकेला देखेगा.’ असंच ना?

अच्छा.

नाही, तू नको उठूस. तुझा काय दोष, मी मघाशीच म्हटलं. तुला माहीत नव्हतं? नव्हतं. दिसतंय तुझ्या तोंडावर. मला माहीत असायला हवं होतं. कोई भी. फ्रेशर भी. दोनदा विचारलं त्यांनी, आणि मी दोनदा सांगितलं! तो काचेत बसलेला माणूस टिंबं टाकत राहणार आणि मी — किती स्वच्छ काम केलं बघ, माझा डागसुद्धा मागे राहायला नको. चांगलं काम करणाऱ्याला असं झाडून टाकतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कॉलेजात तेही नव्हतं. बस ना. बस म्हटलं ना.

सगळं आहे त्या पानांत. सगळं. एक सोडून. एक गोष्ट लिहायची राहिलीये, ती फक्त माझ्या डोक्यात आहे. दोन आठवड्यांनी रमजान लागला की क्लिनिकच्या मॅनेजरपासून मंदूबपर्यंत सगळे तुला फोन करतील, आणि तुला कळणार नाही काय मोडलं. चंद्रहासला तर नाहीच कळणार. मग सर मला फोन करतील. नचि, यार. मग मी सांगीन, माझा इकामा —

शी.

काय बोलतोय मी? ऐकलंस? दोन मिनिटांत चंद्रहास झालो. एवढंच लागतं होय? ओकारी येईल मला.

पेन घे. नको, पेन नको, त्या पानांतच शेवटी टाइप कर. रमजानात क्लिनिक दुपारी बंद असतं आणि रात्री नमाजानंतर उघडतं, ते मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतं. रात्री साडेबाराची वेळ घेतलेली बाई म्हणते, गुरुवारी रात्री. बरोबर आहे तिचं. पण बारा वाजले की मशीनसाठी शुक्रवार लागला. शुक्रवार म्हणजे सुट्टी, मशीन तिची वेळ रद्द करतं आणि ती पोर घेऊन दारात उभी. आतापर्यंत हे बुधवारी रात्री व्हायचं, दर आठवड्याला मी बसून हाताने सोडवायचो. आता गुरुवारी रात्री होईल. हाताने नको करूस. वार मोजताना रमजानात दिवस पहाटे बदलायचा, बाराला नाही. कुठे बदलायचं ते दाखवतो. इथे. ही एक ओळ. चाचणीच्या जागेवर चालव. खोटी बाई, साडेबारा, गुरुवार रात्र. मिळाली वेळ? मिळाली. पुन्हा एकदा कर, तू स्वतः. हां.

आता आत टाक. चौकट आली? कारण लिही. टिंब टाकलंस तर बघ. लिही — रात्री उशिरा येणाऱ्या आयांची वेळ रद्द होऊ नये म्हणून. माझं नाव नको घालूस. रबियाचा फोन आला तर सांग, यंदा मशीन चुकणार नाही. एवढंच सांग, बाकी काही सांगू नकोस तिला.

राहिलं एक. पहिलं पान उघड. माणूस गेला — वाच पुढे. हां. मग बंद कर माझा पासवर्ड. आजच. आत्ता. अरे, सरांना काय विचारायचंय त्यात, नियम आहे तो, मी भांडून आणलाय. माझ्याकडे काय बघतोस? टाइप कर. मी तिकडे तोंड करतो.

झालं? थांब, चालतोय का बघू. नावाने आत जायचा प्रयत्न करतो — नाही. नाही जाता येत. पुन्हा बघतो.

नाही.

छान. नीट केलंस. जा, जेवून ये तू आता.