अर्ध्या हाताची ओमीन

अनारकान: मग काय, हात बांधून ठेवू तुझे?

बेगिमाई: बांध! खरंच बांध, आपा. नाहीतर दोन्ही हातांत पेले दे. रिकामे ठेवू नकोस, एवढंच. रिकामे राहिले की उठतात.

अनारकान: चहा झाल्यावर ओमीन म्हणून तोंडावरून हात फिरवायचे नाहीत? आपण काय शेळ्या आहोत, खाल्लं की चालल्या?

बेगिमाई: तू फिरव ना! तुझ्या मनगटावर काही नाही. माझ्या दोन्ही मनगटांवर हे पट्टे आहेत, हातांच्या खुणा संगणकाला सांगणारे, आणि मी तोंडावरून हात फिरवले की यांना वाटतं, बाईचं काम संपलं. सकाळपासूनचं कुरण गेलं, आपा. नदीपासून खिंडीपर्यंतचं.

अनारकान: कुरण कुठं जातंय? मी काल बसमधून बघत आले. तिथंच होतं.

बेगिमाई: नकाशातलं!

अनारकान: मघाशी रशियनमध्ये काय बोलला तो पट्टा?

बेगिमाई: गेलं म्हणाला.

अनारकान: एवढंच? लांबलचक बोलला की.

बेगिमाई: सगळं गेलं म्हणाला. थांब, फोन लागला. हॅलो? आर्गेन?

आर्गेन: बोला, बेगिमाई-एजे. परत?

बेगिमाई: परत. आर्गेन, तुमच्या कंपनीनं हे काय करून ठेवलंय? माणसानं चहासुद्धा प्यायचा नाही?

आर्गेन: कंपनीनं नाही केलं, एजे. पट्टे बांधताना मी तुम्हाला विचारलं होतं. ‘समाप्त’ची खूण दाखवा, मनाला येईल ती. तुम्ही काय दाखवलंत?

बेगिमाई: तोंडावरून हात.

आर्गेन: जगात दुसरी खूण नव्हती? टाळी होती. खांदा उडवायचा. मान हलवायची.

बेगिमाई: अरे, संपलं म्हटल्यावर हात आपोआप तिकडंच गेले. जेवण संपलं की तेच, पाहुणा उठला की तेच, कबरस्तान ओलांडलं की तेच. तू काय चंद्रावर वाढलास?

आर्गेन: मी बिश्केकमध्ये वाढलो. उभ्या उभ्या खातो. ऑफिसात कोण ओमीन करतं?

अनारकान: म्हणूनच असं बोलतोय. कोणाचा आहे हा?

बेगिमाई: आपा, तू मध्ये बोलू नको. आर्गेन, आई आलीय माझी, तिचं मनावर घेऊ नको. ती खूण बदल. आत्ताच्या आत्ता.

आर्गेन: बदलतो. पण हा पट्टा एकेक खूण सुटी शिकत नाही. एक उसवली की सगळं परत शिवायचं. तुमचे हात त्याला पहिल्यापासून दाखवावे लागतील. उद्या संध्याकाळपर्यंत होईल.

बेगिमाई: दोन वाजता जुमाबेक साहेब बघणार आहेत!

आर्गेन: मग बदलू नका.

बेगिमाई: बंद करण्याआधी एकदा विचारून बघ म्हणावं त्याला. विचारायला काय जातं?

आर्गेन: विचारत होता, एजे. तुम्हीच ते बंद करायला लावलंत. म्हणालात, सासूसारखा प्रत्येक गोष्टीत विचारतो.

अनारकान: हे बरोबर. हिला विचारलेलं खपत नाही.

आर्गेन: आणि मध्ये मध्ये जतन का करत नाही? मूठ वळायची, झालं.

बेगिमाई: मूठ वळत असती तर मी पट्टे कशाला बांधले असते? माउसच धरला नसता का? सकाळी माझी बोटं झाडूच्या काड्यांसारखी असतात. दुपार झाली तरी धड वाकत नाहीत.

आर्गेन: मग मूठ कोणी ठेवली?

बेगिमाई: मी. डॉक्टर म्हणाले होते, मूठ वळायचा व्यायाम करा. म्हटलं, कामात काम होईल.

आर्गेन: एजे, मला जरा पाणी पिऊन येऊ द्या.

अनारकान: काढून ठेव ना ते पट्टे. ओमीन करायची, परत बांधायचे. एवढं काय त्यात?

बेगिमाई: काढले की माझी कातडी पुन्हा ओळखायला तास घालवतो तो. आधीच सगळं कुरण परत काढायचंय. तुला कळतंय का काय आहे आज? साहेबांसमोर नकाशा मी माझ्या हातानं काढला तर माझं टेबल राहील. नाहीतर फाटकाशी बसवणार मला. येणाऱ्या-जाणाऱ्याची नावं विचारायला. इतकी वर्षं हद्दी काढल्या मी, आपा. कुठल्या गावाची मेंढरं कुठपर्यंत, यावरून होणारी भांडणं माझ्या रेघेवर मिटायची.

अनारकान: आज गुरुवार आहे, गेलेली माणसं दारात यायचा वार. तेही कळतंय ना तुला?

बेगिमाई: आपा...

अनारकान: पीठ फुगलंय. आत्ता तेल तापवणार, तुझ्या बापाच्या नावानं बोर्सोक तळणार. तेलाचा वास वर जाईल. मग कुराण म्हणायचं, मग ओमीन. एवढ्यासाठी आत-बाशीहून आले मी. म्हटलं, तू एकटी कुठं तळणार या बोटांनी.

बेगिमाई: दोन वाजून गेल्यावर म्हण.

अनारकान: मेलेल्या माणसाला काय सांगू? बाहेर थांब, साहेब यायचेत?

आर्गेन: आलो. एजे, घाई करा. खिंडीपासून सुरू करा, नदी नंतर. उजवा तळहात आडवा ठेवा, नकाशा धरून राहील. डाव्यानं रेघ ओढा.

बेगिमाई: ओढतेय.

आर्गेन: आणि हात काही झालं तरी टेबलाच्या वर नेऊ नका. तोंडाजवळ तर नाहीच. नाक खाजलं तरी नाही.

अनारकान: तिचा बाप बस चालवायचा, पोरा. आत-बाशी ते नारिन. कबरस्तान दिसलं की अख्खी बस ओमीन करायची. त्याची बस कधी बंद पडली नाही. तुझा पट्टा पडतो.

बेगिमाई: बाबा एका हातानं करायचे! दुसरा स्टेअरिंगवर.

अनारकान: त्यावरून तर जन्मभर भांडले मी. म्हटलं, अर्ध्या हाताची ओमीन अर्ध्या वाटेवर राहते. आमच्या सासऱ्यांपर्यंत कधी पोचली असेल का ती? तर म्हणायचा, अगं, वळण होतं. मेलं प्रत्येक कबरस्तान वळणावरच कसं?

आर्गेन: एजे, रेघ नदीत गेली.

बेगिमाई: तुम्ही दोघं बोलू नका! रेघ ओढताना माझ्या डोक्यात बस शिरते.

*

अनारकान: झाले तळून. ये.

बेगिमाई: येत नाही. हद्दीचा शेवटचा तुकडा राहिलाय.

अनारकान: गार होतील. त्याला गरम लागायचे. तोंड भाजलं तरी चालेल, पण गरम.

बेगिमाई: आपा, हात जोडते तुझ्यापुढं. नाही, जोडतही नाही, न जाणो त्याचाही काही अर्थ असायचा. दोन वाजू दे.

आर्गेन: आपा, मी जरा बोलू का? धार्मिक गोष्ट आहे, मान्य. पण एजेंचा नकाशा अजून जतन झालेला नाही. तुम्ही मनातल्या मनात म्हटलंत तर—

अनारकान: तुझ्या घरी गेलेलं कोणी आहे का?

आर्गेन: आजी. मागच्या वर्षी.

अनारकान: नाव काय तिचं?

आर्गेन: सोनुन.

अनारकान: तिचंही नाव घेते. आता गप्प बसा दोघं.

बेगिमाई: आपा, नको! आपा!

अनारकान: बिस्मिल्ला...

बेगिमाई:

आर्गेन:

अनारकान: ...हे वाचलं त्याचं पुण्य त्याला पोचो, सोनुनलाही पोचो. ओमीन.

आर्गेन: ओमीन.

बेगिमाई:

पट्टा: समाप्त. सर्व बंद केले. जतन न केलेले काम टाकून दिले.

बेगिमाई: मी नाही केलं! मी हात हलवलेसुद्धा नाहीत! आर्गेन! थांब. माझा नकाशा इथंच आहे. मग कुठून बोलला? आर्गेन? फोनमधून आला का आवाज?

आर्गेन: एजे.

बेगिमाई: काय झालं?

आर्गेन: चाचणीचे पट्टे माझ्याही हातात होते. सकाळपासूनचं माझं... जाऊ द्या.

बेगिमाई: तुझी ‘समाप्त’ची खूण कुठली आहे?

आर्गेन: तीच.

बेगिमाई: आणि मला म्हणतोस खांदा उडवा!

आर्गेन: मलाही दुसरी सुचली नव्हती, एजे. आपा, पुढच्या वेळी आजीचं नाव घेण्याआधी जरा सांगा. हात खाली ठेवतो.

अनारकान: नको ठेवू. छान केलंस, बाळा. आजी दारात उभी असेल, तिला मिळालं. जा, काहीतरी खा, आणि बसून खा. ठेव फोन.

आर्गेन: ठेवतो. एजे, दोन वाजता... मूठ विसरू नका.

बेगिमाई: हं.

अनारकान: पाहिलंस? ते परकं पोर. त्यानं हात उचलले.

बेगिमाई: आपा, माझं—

अनारकान: तू मांडीखाली दाबून बसली होतीस. दोन्ही. मी पाहिलं.

बेगिमाई: नाहीतर उठले असते ते. आपोआप. म्हणून दाबले.

अनारकान: बोटं दुखली असतील.

बेगिमाई: दुखली.

अनारकान: दुखू देत.

*

(दोन वाजले आहेत. बेगिमाईच्या कानात छोटं यंत्र आहे, साहेबांचा आवाज फक्त तिलाच ऐकू येतो.)

बेगिमाई: हो साहेब, दिसतंय ना? ही खिंड. इथून हद्द सुरू होते. — नाही, माउस नाहीच टेबलावर. बघा, हे माझे हात. — डाव्यानं ओढते. — हो, जरा सावकाश. रेघ पहिल्यासारखीच येते, साहेब, सावकाश आली तरी. — हा झरा हद्दीबाहेर. गेल्या वर्षी दोन गावांत यावरूनच जुंपली होती. — हो. मीच काढली होती तीही.

अनारकान: सांग ना, सकाळी दोनदा काढलंस हेच.

बेगिमाई: श्श. — नाही साहेब, तुम्हाला नाही. आई आहे मागे. आत-बाशीची. — ताटात? बोर्सोक आहेत. आज गुरुवार ना. — वडिलांसाठी. वसंतात गेले. — बस चालवायचे, नारिनची. — हिरवी, हो, तीच. — तुम्ही बसला होतात? — हो, गाणी म्हणायचे. तेच ते.

अनारकान: काय म्हणतोय?

बेगिमाई: बाबांच्या बसनं शाळेला जायचे म्हणतात. आपा, ते... ते म्हणतात, आईंनी दोन शब्द म्हणावेत. सगळी खोली थांबलीय. सगळ्यांनी हात वर केलेत.

अनारकान: आणि तुझं ते कुरण? ठेवलंस का आत?

बेगिमाई: नाही. मूठ वळली नाही.

अनारकान: मग काय करू? नको म्हणून सांगू त्यांना? सांगते, मला खोकला झालाय.

बेगिमाई: नको. म्हण तू, आपा.

अनारकान: थोडक्यात म्हणते.

बेगिमाई: थोडक्यात नको. नेहमीसारखं म्हण.

अनारकान: त्याची वाट उजेडाची होवो. त्याच्या बसमध्ये बसलेले सगळे घरी पोचोत. मागे राहिलेल्यांचे हात चालते राहोत. ओमीन.

बेगिमाई: ओमीन.

पट्टा:

अनारकान:

पट्टा:

बेगिमाई: — हो साहेब. — धन्यवाद, साहेब. — पाठवते, आत्ताच पाठवते. — बरं. सांगते आईला.

अनारकान: गेला?

बेगिमाई: गेले. नकाशा पाठवा म्हणाले. हातात आला की टेबलाचं सांगतो.

अनारकान: पट्टा काही बोलला नाही.

बेगिमाई: नाही बोलला.

अनारकान: एकाच हातानं केलीस तू.

बेगिमाई: दुसऱ्यात नकाशा धरला होता, आपा. अजून धरलाय. बघ, सोडलेला नाही. आता तू म्हणशील, अर्ध्या वाटेवर राहिली.

अनारकान:

बेगिमाई: बोल ना. म्हण.

अनारकान: वळण होतं. दे तो हात इकडं.

बेगिमाई: कशाला?

अनारकान: मूठ वळायचीय ना? तेलाचे आहेत माझे हात, ऊब आहे अजून. एकेक बोट घेते. आधी करंगळी. तूही जोर लाव.

बेगिमाई: लावतेय. आई गं.

अनारकान: झालं, झालं. आता हे. अंगठा वरून घे. अस्सं.

पट्टा: जतन केले.

अनारकान: काय म्हणाला?

बेगिमाई: राहिलं म्हणाला.