शून्य पावतीवरचा शेरा

सुचित्रा : ती नाही काका. त्याच फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी डीएमपी असलेल्या फायली असतील बघा. बारा असायला हव्यात.

नामदेव : बारा हायत. रोजची येक. पयली तर तुमाला परवाच पाठवली.

सुचित्रा : आता कालची पाठवा. एकीवरून काही बोलायचं नाही, असा माझा नियम आहे.

नामदेव : पाठवली. म्याडम, येक इचारू? ह्या फायलीत असतं काय? मी नोटपॅडमदी उघडून बगितली. निस्ता कचरा. चौकोन नि टिंबा.

सुचित्रा : नोटपॅडमध्ये कचराच दिसणार. प्रोग्राम बंद पडतो ना, त्या क्षणाला त्याच्या डोक्यात जे जे होतं ते सगळं एका फायलीत भरून ठेवलं जातं. त्याला डंप म्हणतात. मी तो डिबगरमध्ये उघडते. म्हणजे ह्याच कामासाठी केलेला दुसरा प्रोग्राम.

नामदेव : पोस्टमार्टेम.

सुचित्रा : तसंच. फक्त आमच्याकडे मेलेला स्वतःच सांगतो. शेवटी काय करत होतो, त्याआधी काय करत होतो, कोणी करायला सांगितलं.

नामदेव : मंग त्यालाच इचारा, नामदेवनं काटा मारला काय.

सुचित्रा : काटा मारला? असं कोण म्हणालं?

नामदेव : शेट. बारा दिवस झालं. सहाला काटा बंद करायला बसलो का प्रोग्राम पडतो, नि दिवसाचा हिसाब शेटच्या फोनवर जात नाय. शेट बोलला, ट्रक काट्यावर असतानाच तू मुद्दाम पाडतोस, मंग आरामात त्याच्या वजनाचा आकडा फिरवतोस. बावीस वर्सं ह्या केबिनमदी बसलो, म्याडम. कलंबोलीच्या लोखंड बाजारात कोनाला पन इचारा. ट्रकवाल्याचा चहा पन घेतला नाय कदी.

सुचित्रा : हे तक्रारीच्या तिकिटावर कोणी लिहिलं नाही. तिकिटावर एवढंच होतं, 'वजनकाटा प्रोग्राम बंद पडतो, अर्जंट'.

नामदेव : आज तुमचा रिपोर्ट आला नाय, तर कॅमेरावाला काटा बसवनार हायत. त्याला मानूस लागत नाय. घरी बसवतील त्याचा येवडा नाय हो. पन चोर म्हनून बसवतील, त्याचा हाय.

सुचित्रा : थांबा. फाइल आली. उघडते. आधी त्याला नावांची यादी द्यावी लागते.

नामदेव : कसली नावां?

सुचित्रा : प्रोग्रामच्या आतल्या कामांची नावं. ती नसली तर नुसते आकडे दिसतात. गावात घरं आहेत पण एकावरही पाटी नाही, तसं. आणि यादी अगदी त्याच आवृत्तीची लागते. तुमचा प्रोग्राम बारा वर्षांपूर्वीचा. कंपनीत यादी मिळेना. शेवटी माझ्याच कपाटातल्या जुन्या डिस्कवर सापडली. काल अख्खा रविवार त्यात गेला.

नामदेव : आमच्यामुलं रविवार गेला तुमचा.

सुचित्रा : जायचाच होता तो. बरं, आता ऐका. साधारणपणे इथे एकाखाली एक नावं दिसतात. कोणी कोणाला काम सांगितलं, ते. काम झालं की परत कोणाकडे जायचं, तो पत्ताही तिथेच असतो. तुमच्या फायलीत तो पत्ता खोटा आहे. पहिल्या फायलीत होता, कालच्यातही आहे. प्रोग्राम काम संपवून परत निघाला आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पडला.

नामदेव : खोटा कोनी केला?

सुचित्रा : तेच बघतेय. दोन्ही ठिकाणी आकड्यात शून्य-नऊ, शून्य-नऊ असं दोनदा आलंय. काका, कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला नंबर देतो. शून्य-नऊने सुरू होतात ती आपली मराठी अक्षरं. पत्त्याच्या जागी कोणीतरी मराठीत लिहिलंय.

नामदेव : मराठीत?

सुचित्रा : काका, शून्य पावती काढता ना तुम्ही? काटा रिकामा करून, शून्य किलोची, काटा बरोबर असल्याची खूण म्हणून?

नामदेव : काढतो. रोज सहाला. ती काढल्याबिगर बंद करत नाय.

सुचित्रा : तिच्यावर शेऱ्याचा चौकोन आहे. त्यात काय लिहिता?

नामदेव : काय नाय. असंच. काटा बरोबर हाय, म्हनून.

सुचित्रा : 'हरेश, आज पंखा परत वाजतो. तेल टाकला.'

नामदेव : ते... ते दिसतं त्याच्यात?

सुचित्रा : सगळं दिसतं. 'हरेश, तुजा तो सोला चाकीवाला तामीळ डायवर आला व्हता. तुला इचारीत व्हता.' 'हरेश, कुत्री व्याली. काट्याखालीच. चार हायत.' 'हरेश, येक पिल्लू गेला.'

नामदेव : म्याडम.

सुचित्रा : आणि कालचा शेवटचा आहे...

नामदेव : नका वाचू. मला म्हाईत हाय तो.

सुचित्रा : नाही वाचत.

नामदेव : शेटला हे दाखवायला लागंल?

सुचित्रा : आधी मला सांगा. हरेश कोण?

नामदेव : रातपालीला व्हता. अकरा वर्सं. मी सकाली सहा ते सांजचं सहा, तो सांजचं सहा ते सकाली सहा. चावी हातात द्यायची, येवडीच भेट. त्याला पन घाई, मला पन. मंग त्यानंच चालू केला ह्यो शेरा. मला मराठी टायपिंग पन त्यानंच शिकवला. मी जाताना लिवायचो, तो रातचा वाचायचा, पुसायचा, नि त्याचा लिवायचा. सकाली मी वाचून पुसायचो. चौकोन रिकामा करून मंगच आपला लिवायचा. पुसलेला दिसला म्हंजे समजायचा, वाचला.

सुचित्रा : अकरा वर्षं?

नामदेव : येक दिवस चुकला नाय. त्याच्या पोरीचा लगीन मला शेऱ्यातच कलला. माजी बायको गेली, तवा आठ दिवस मी नव्हतो. परत आलो तर चौकोनात आठ दिवसांचा सगला लिवलेला. कोन आला, कोन गेला. मला काय चुकल्यासारका वाटू नये म्हनून.

सुचित्रा : आणि आता?

नामदेव : रातपाली बंद केली ना शेटनी. दोन महिनं झालं. हरेश उरनला कंटेनर यार्डात गेला.

सुचित्रा : फोन नाही करत त्यांना?

नामदेव : केला येकदा. तो बोलला, काय मंग? मी बोललो, काय नाय. मंग दोघं पन गप. आमाला तोंडानं बोलायची सवयच नाय. मंग मी आपला इथंच लिवतो. वाचत नाय कोन, म्हाईत हाय मला. येडा नाय मी.

सुचित्रा : मी कुठे वेडा म्हटलं?

नामदेव : मागचा पुसत पन नाय. वाचलाच नाय कोनी, तर पुसू कसा? त्याच्याच पुडं लिवत जातो.

सुचित्रा : ...तर हे असं आहे. दोन महिने नुसतं साठत गेलं. पुसणारा होता तोवर चौकोन कधी भरलाच नाही.

नामदेव : म्हंजे माज्यामुलंच पडला.

सुचित्रा : नाही. ऐका. त्या चौकोनाला हजार अक्षरांची जागा आहे. काना, मात्रा, टिंब वेगळं मोजून. हजाराच्या वर गेलं की प्रोग्रामने थांबवायला हवं, जागा संपली म्हणून सांगायला हवं. तो सांगत नाही. पुढची अक्षरं शेजारी सांडतात, शेजारी तो परतीचा पत्ता असतो, आणि तो पुसला जातो. बारा दिवसांपूर्वी तुमचं पहिल्यांदा हजाराच्या वर गेलं.

नामदेव : मंग हजारच का ठेवली?

सुचित्रा : मी ठेवली.

नामदेव : तुमी?

सुचित्रा : हा प्रोग्राम मीच लिहिलाय. नोकरीतलं दुसरं वर्ष होतं. मजकूर मावतो का याची तपासणी टाकायची राहिली का, असं एकाने विचारलं होतं. मी म्हटलं, काट्यावर बसलेल्या माणसाला हजार अक्षरांपेक्षा जास्त काय बोलायचं असणार आहे? काल यादी सापडली तेव्हा खाली माझं नाव दिसलं. तेव्हापासून नीट जेवले नाहीये.

नामदेव : जेवा हो. त्यात काय. मला तरी कुटं म्हाईत व्हता, येवडा बोलायचा हाय म्हनून.

सुचित्रा : तुमच्या बाजूला आवाज कसला?

नामदेव : शेट आलं. फोन स्पीकरवर टाकतो. म्याडम, ते शेऱ्यातला...

चंद्रशेखर : हॅलो, चंद्रशेखर बोलतोय. मॅडम, मला ते कॉम्प्युटरचं पुराण नको. एका वाक्यात सांगा. माणूस खोटा की मशीन?

सुचित्रा : प्रोग्राम खोटा.

चंद्रशेखर : बारा वर्षं चालला की. आता बरोबर कसा हिशोबाच्याच टायमाला पडतो? पुरावा द्या.

सुचित्रा : प्रोग्राम पडला त्या क्षणाला काट्यावर किती वजन होतं, ते या फायलींत आहे. दोन उघडल्या, दोन्हीत शून्य. काट्यावर ट्रकच नव्हता. बाकीच्या दहा तासाभरात उघडते आणि बारा आकडे वेळेसकट लिहून देते. रिकाम्या काट्यावर कोण काटा मारणार, साहेब?

चंद्रशेखर : हं. मग पडला कशानं?

सुचित्रा : शेऱ्याच्या जागेत मावेना एवढा मजकूर झाला. प्रोग्रामने तो अडवायला हवा होता, अडवला नाही. ते काम माझं होतं. चूक माझी आहे, रिपोर्टमध्ये माझ्या नावानिशी लिहिते.

चंद्रशेखर : मजकूर कसला?

सुचित्रा : पाळी सोपवताना लिहितात तो. पंखा वाजतो, तेल घातलं, कोण ड्रायव्हर आला. कामाचा.

चंद्रशेखर : पाळी? रात्रपाळी बंद करून दोन महिने झाले. नामदेव, तू सोपवतोस कोणाला?

नामदेव : सवय हाय, शेट.

चंद्रशेखर : सवय... बरं. रिपोर्ट पाठवा मॅडम. कॅमेरेवाल्याला तूर्तास थांबवतो. आणि नामदेव, मी जे बोललो ते... जाऊ दे. पंखा बदलून घे तो. मागच्या गाळ्यात नवा पडलाय.

नामदेव : गेलं. म्याडम, शेट येवडा बोलला म्हंजे खूप झाला. तुमच्यावर काय येनार नाय ना?

सुचित्रा : येईल. एक मीटिंग लावतील. लावू देत, तेवढंच कोणाशी बोलणं होईल.

नामदेव : ऑफिसात लोक नसतात?

सुचित्रा : सानपाड्याचं ऑफिस कंपनीने तीन वर्षांपूर्वी सोडलं. आता खारघरला, चौदाव्या मजल्यावर, मी आणि ह्या फायली. लोक तिकीट लिहितात, मी तिकिटावर उत्तर लिहिते. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून जातो. शुक्रवारनंतर मी तुमच्याशीच पहिली बोलतेय, काका. सकाळी तुम्ही फोन उचललात तेव्हा माझा घसा धरला होता. तुम्हाला वाटलं सर्दी आहे.

नामदेव : आल्याचा चहा घ्या, असा बोललो मी.

सुचित्रा : घेतला.

नामदेव : मंग आता नवा प्रोग्राम टाकाल. तो पडनार नाय.

सुचित्रा : नाही पडणार.

नामदेव : म्हंजे फायल पन बननार नाय. नि तुमचा फोन पन येनार नाय.

सुचित्रा : नाही. कारण उरणार नाही.

नामदेव : बरा हाय. पडू नये तेच बरा.

सुचित्रा : चौकोन मोठा करतेय. आता हवं तेवढं लिहा.

नामदेव : मोठा करून काय, म्याडम? भरत र्‍हानार निस्ता.

(गुरुवार, संध्याकाळचे सहा. मधले तीन दिवस नामदेवने तिच्या सांगण्यावरून शेरा न लिहिताच पावती काढली. सुचित्राने खारघरहून नामदेवच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढवली आहे. दोघांसमोर एकच स्क्रीन आहे आणि मध्ये फोन. हे काम फोनशिवायही झालं असतं, हे तिला ठाऊक आहे, पण तिने फोन लावला.)

सुचित्रा : शून्य पावती उघडा. मागचा शेरा दिसतोय?

नामदेव : दिसतो. पन ह्यो तर जास्त हाय. कुत्री व्याली ती पन हाय. ते तर पडल्यावर जात व्हता, दुसऱ्या दिवशी दिसायचा नाय.

सुचित्रा : त्या बारा दिवसांचं फक्त फायलींत उरलं होतं. एकेक उघडून काढलं आणि जागच्या जागी लावलं. तुमचं एक अक्षर हरवलेलं नाही.

नामदेव : बारा पन उघडल्या?

सुचित्रा : वजन बघायला उघडायच्याच होत्या. आता आजचा लिहा आणि पावती छापा. पडतो का बघू.

नामदेव : तुमी बगत बसलात तर हात चालत नाय.

सुचित्रा : मी चहा ठेवून येते. लिहा तोवर.

नामदेव : ...म्याडम, छापली. पडला नाय. हायत काय तुमी?

सुचित्रा : आहे, आहे.

नामदेव : हिसाब पन गेला शेटला. त्यांचा अंगठा आला.

सुचित्रा : मग तिकीट बंद करते. झालं काम.

नामदेव : झाला. पंखा पन नवा लावला, आवाज नाय आता. फारच गप वाटतं. चला, ठेवतो मंग. कुलूप लावायचा हाय. पिल्लांना पन कायतरी टाकतो.

सुचित्रा : हं. काका, दोन मिनिटं कॉम्प्युटर बंद नका करू.

नामदेव : नाय करत. ...म्याडम? ओ म्याडम. शेरा गेला. सगलाच गेला. आजचा पन नि मागचा पन. चौकोन रिकामा दिसतो. परत बिगडला काय?

सुचित्रा : नाही काका, काही बिघडलं नाही. सगळा वाचला. थांबा जरा, आता माझा लिहितेय.