कुंदाले ऐकू येते का?

...आता वच्छलाने आणखी काय करावं, तुम्हीच सांगा! हुडकेश्वरहून अडीच वर्षांची पोर कडेवर घेऊन तिसऱ्यांदा शहरात डॉक्टरकडं यायचं, अन् तिसऱ्यांदा तेच ऐकायचं... बोलंल, घाई काहून?

तुम्हाले सांगतो, कुंदा ना 'आई' म्हणे ना 'बा', मागून हाक मारली तर मान वळवत नाही. नवऱ्याले, रुपरावले सांगितलं, तर तो म्हणे मीपण उशिराच बोललो, बोलंल! सासू जिजाबाईनं पोरीच्या मागं बाजेवर परात आपटली, पोरीनं वळून पाहिलं, झालं, कान ठणठणीत, बोलंल! अहो, पोरगी त्याच बाजेवर बसली होती... बाज हादरल्यावर कोण वळून पाहणार नाही?

अन् डॉक्टर? त्यांनी घंटी पोरीच्या नाकासमोर हलवली, पोरगी हसली, म्हणे ऐकते की! वच्छला म्हणाली, साहेब, तिनं घंटी पाहिली. तर म्हणे आया उगाच काळजी करतात, बोलंल!

शेवटी ती कोणाले न सांगता मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथं कान तपासणाऱ्या उत्तरा मॅडमनं कुंदाले खेळण्यात गुंतवलं अन् मागून, दिसणार नाही असा, खुळखुळा वाजवला, मग डफली... पोरगी आपली खेळूनच राहिली. ढोल बडवला तेव्हा कुठं मान वर झाली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "फार मोठा आवाजच ऐकू येतो हिला. इतक्या उशिरा का आणलं?"

वच्छलाचे डोळे भरले. "मी तर आणूनच राहिली होती, मॅडम. कोणी ऐकूनच नाही राहिलं."

मग ऐकायचं मशीन आलं. छातीवर डबी, कानात वायर. वच्छलानं मागून हाक मारली अन् पोरीनं वळून पाहिलं... त्या दिवशी वच्छलानं भाजीत मीठ दोनदा टाकलं, तरी सासूनं अन् रुपरावनं ताट पुसून खाल्लं!

पण मॅडमचा हुकूम होता, पोरीशी दिवसभर बोला. हे वांगं, हे भाजीचं भगुणं, ही म्हैस... पंधरा दिवसांत वच्छलाचा घसा बसला. मग रुपरावची पाळी. तो धान्याच्या अडतीवर कामाले, पोरीशी काय बोलावं हे त्याले माहीत का? रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून पेपरातले बाजारभाव मोठ्यानं वाचे.

सहा महिन्यांनी पोरगी बोलली हो! एवढं सारं करून पहिला शब्द काय असावा?

"तूर."

वच्छला म्हणे, असू द्या... तूर तर तूर.