जावयाचा एसी

एकच थर्मामीटर, मंडळी! हेमलताबाईंनी तो तीन ठिकाणी टांगला आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबून वाचला. अंगणात, लिंबाच्या सावलीत, चव्वेचाळीस. बैठकीत बेचाळीस. स्वयंपाकघरात, पत्र्याखाली, गॅस पेटवायच्या आधीच — एकोणपन्नास!

आता सांगा, घरात गारवा आणायचा, तर पहिला कोणासाठी? जो एक दिवस येणार त्याच्यासाठी, की जो रोज भाजतो त्याच्यासाठी? लगेच माना डोलल्या! सोपं वाटतंय ना? थांबा. ऐका.

घर अकोल्याचं. गुणवंतराव धांडे आणि त्यांची बायको हेमलताबाई. बाईंची नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत झालेली. बोलणं कमी, मोजणं अचूक. घरात पुढे बैठक, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर, मध्ये नुसती कमान — दारच नाही!

मागच्या मे महिन्यात जावई जेवायला आला. घाम पुसून पुसून बिचाऱ्याचा रुमाल ओला झाला. तेव्हा गुणवंतरावांचे थोरले भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "गुणवंता, जावई जेवाले बोलावला का वाळवणाले?"

हशा झाला! पण तो शब्द गुणवंतरावांना रुतला. यंदा अधिक मास, तोही ऐन ज्येष्ठात. धोंड्याचा महिना, जावयाचा मान! त्यांनी ठरवलं — बैठकीत एसी!

मागच्या वर्षीच्या त्याच जेवणाच्या दिवशी आत काय झालं, ते मात्र कोणी पाहिलं नाही. पुऱ्या तळता तळता हेमलताबाईंना घेरी आली. ओटा धरत धरत त्या खाली बसल्या. कढई थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "मावशी, ही उष्णतेची घेरी आहे. पुन्हा त्या पत्र्याखाली कढईपुढे उभ्या राहिलात, तर शुद्धीवर याल याची खात्री मी देणार नाही."

घरी काय सांगितलं बाईंनी? "उपास बाधला."

खोटं! दुसऱ्याच्या तापाचा अर्धा अंश न चुकवणारी बाई स्वतःबद्दल खोटं बोलली! का? माझ्यासाठी काही करा, हे म्हणायला जीभच वळेना. पोळ्या झाल्या की सांगू. चहा झाला की सांगू. असं वर्ष गेलं.

आणि आज? उद्या जावई येणार. आत अनारशांचं तूप तापतंय. बाहेर एसी बसवणारा ड्रिल घेऊन हजर!

"काका, भोक कुठं पाडू?"

"इथं! जावई सोफ्यावर बसले की वारा थेट तोंडावर!"

तो पोऱ्या कमानीपाशी गेला आणि मागे सरला. "काका, इकडून तर भट्टीच येऊन राहिली! मशीन दिवसभर धापा टाकेल, खोली काही गार होणार नाही. आधी त्या पत्र्याचं पाहा."

"पत्रा कोण पाहते? कमानीले जाड पडदा लावू! तू भोक पाड!"

पडदा! कळलं का मंडळी? पुढे जावई गार, आणि मागे बाई, कढई अन् पत्रा — बंद!

ड्रिल घरघरलं. हेमलताबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. अगदी मागच्यासारखीच! हात लांबवून त्यांनी गॅस बंद केला. भिंत धरली. एक पाऊल. दुसरं —

टाळ थांबवा. या कीर्तनाच्या मंडपात दोन कूलर आहेत. दोन्हींची तोंडं माझ्याकडे! मागे तंबूत चौघीजणी प्रसादाच्या पुऱ्या तळताहेत. त्यांच्याकडे किती? खाली काय बघता? उठा! एक तिकडे न्या. तोवर गोष्ट पुढे सरकणार नाही.

नेला? हं.

हेमलताबाई कमानीत येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"भाऊ, ड्रिल थांबवा."

"अगं, काय झालं? उद्या जावई —"

"मागच्या वर्षी मी उपासानं नव्हते पडले. त्या पत्र्यानं पडले. पुन्हा पडले तर उठेन की नाही, डॉक्टरांना ठाऊक नाही."

गुणवंतरावांनी ड्रिलवाल्या पोऱ्याकडे पाहिलं. मग हळूच, "अन् लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. एसी परत जाईल. आधी माझ्या पत्र्याला पांढरा रंग, आतून छत, आणि वर गरम हवेला वाट. तोवर या घरात कढई चढणार नाही — जावई येवो, नाहीतर जावयाचा बाप!"