सगळ्या थप्प्या हिरव्या

सर्टिफिकेट म्हटलं की मला आमचे मुकादम भोईरमामा आठवतात. मी तेव्हा द्रोणागिरीच्या गोदामात स्टोअर सांभाळायचो. आमचे दरवाजे परदेशात जायचे. तिथल्या गिऱ्हाइकाने अट घातली, लाकूड जंगल राखून तोडलेलंच हवं आणि तसं सर्टिफिकेट दाखवा. म्हणून त्या लाकडाच्या थप्प्यांवर आम्ही हिरवा पट्टा मारायचो आणि साध्या कोऱ्या ठेवायचो.

सर्टिफिकेटच्या तपासणीच्या सकाळी पनवेलहून पोचलो, तर सगळ्याच थप्प्या हिरव्या. मामा ब्रश धूत होते.

"मामा, हे काय केलंत?"

"सायेब येनार ना? अर्धा माल कोरा, बरा दिसतो का?"

तेवढ्यात गाडी फाटकात शिरली. लपवणार काय? आमच्या शेठनी पुढे होऊन तपासनिसांना खरं ते सांगून टाकलं. ते सगळीकडे फिरले आणि शांतपणे म्हणाले, "लाकूड चांगलंय. पण कुठलं कुठल्या जंगलातलं, हे आता सांगता येणार नाही. सगळं साधं धरा. नवा माल आला की मी पुन्हा येईन."

ऑर्डर लांबली, पण हातची गेली नव्हती. साहेब गेल्यावर शेठ मामांकडे वळले. त्यांची नोकरी गेली, असंच आम्ही धरून चाललो होतो.

"मामा, एका शब्दाने विचारायचं तरी."

"इचारनार व्हतो, शेठ. पन आठवडाभर तुमी सगलेच इतके घाबरलेले, कोनाला इचारू?"